दादासाहेब फाळके निवृत्त कसे झाले



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी ठरवलं की शाळेच्या आठवणी इतरांवर सोपवायच्या. त्या लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा छान लिहिणारे आहेत. मी एका माणसाच्या आयुष्याबद्दल लिहिते. निमित्त आपल्याच ग्रुपवरच्या गप्पांचं. गेली दोन-तीन वर्षं वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन झाल्या की गाडी एकाच स्टेशनात येऊन उभी राहते : अजून किती वर्षं? कुणी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, कुणाला कंपनीने घरी पाठवलं, कुणी पन्नाशीत थांबायचं म्हणून गावाकडे जमीन बघतंय. आणि काही जण जरा ओशाळून सांगतात, की माझं काही सरळ करिअर झालंच नाही, ही लाइन धरली, ती सोडली, असंच चाललं.

या दोन्ही प्रकारच्या मंडळींसाठी मला दादासाहेब फाळके आठवले. आपल्या उपनगरात वाढलेल्या कुणालाही हे नाव नवं नाही. गोरेगावच्या डोंगरात १९७७ साली राज्य सरकारने चित्रनगरी उभारली आणि २००१मध्ये तिला फाळक्यांचं नाव दिलं. तिथून डोंगराखालून मुलुंडकडे जाणाऱ्या बोगद्याच्या बातम्या आपण सध्या रोज वाचतो. दरवर्षी त्यांच्या नावाचा पुरस्कार जाहीर होतो, तेव्हा तो कुणाला मिळाला याची चर्चा होते आणि ज्यांच्या नावाचा आहे ते फोटोतच राहतात. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा २००९चा मराठी चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. पण तो १९१३-१४च्या आसपास संपतो. फाळके त्यानंतर आणखी ३० वर्षं जगले. मला बोलायचंय ते या ३० वर्षांबद्दल. मात्र ती समजायची तर आधीची ४० वर्षं माहीत हवीत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुंबईत आलं. मुलाने शास्त्री व्हावं अशी घराची रीत होती, मुलाचा हात मात्र चित्रं काढण्यात रमे. १८८५ साली त्यांनी जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. पुढे मोठ्या भावाबरोबर ते बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात शिकू लागले. सयाजीराव महाराजांच्या काळातली ही संस्था म्हणजे आजच्या भाषेत तंत्रशिक्षणाचं मोठं केंद्रच. प्राचार्य गज्जर यांनी या मुलाची आवड हेरली आणि संस्थेची फोटोग्राफीची प्रयोगशाळा त्याच्या हाती दिली. चित्रकला, वास्तुकला, साचेकाम, फोटोग्राफी, छपाईचे ठसे बनवणं, जे दिसेल ते फाळके शिकत गेले. रतलामला जाऊन तीन रंगांच्या छपाईची विद्याही त्यांनी आत्मसात केली. १८९२मध्ये अहमदाबादच्या एका प्रदर्शनात त्यांनी नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं.

पदक मिळालं तरी पोट भरायचं होतंच. म्हणून गुजरातेत गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. १९००च्या सुमारास तिथे प्लेग आला आणि त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेली. ते बडोद्याला परतले. पुन्हा फोटोचा धंदा करून पाहिला, तर लोक कॅमेऱ्यासमोर बसायला घाबरत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी समजूत पसरलेली. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणं आलं, जादूचे प्रयोग शिकणं आणि करणं आलं. १९०२मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वती फाळके झाल्या. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

१९०३ साली एक पक्की सरकारी नोकरी चालून आली. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन. आपल्या आईवडिलांनी ऐकलं असतं तर पेढे वाटले असते. फाळक्यांनी ती तीनेक वर्षांत सोडली. स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते, इंग्रज सरकारची चाकरी नकोशी झाली होती. लोणावळ्याला त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्मा यांनी सुरू केलेला चित्रशिळा छापखाना होता आणि त्याचं पुष्कळ काम फाळक्यांकडे येई. घाटकोपरच्या मंडळींना ऐकून बरं वाटेल, हा रविवर्मा छापखाना मळवलीला जाण्याआधी काही वर्षं घाटकोपरात होता. घराघरांतल्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या तसबिरी लागल्या, त्यांच्या प्रवासातला एक मुक्काम आपल्याच उपनगरात झाला.

फाळक्यांचा छापखाना पुढे दादरला आला, नवा भांडवलदार भागीदार आला आणि त्याचं नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. १९०९मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. छपाई उत्तम होऊ लागली, नाव झालं, आणि भागीदाराशी मतभेद झाले. फाळके उठले आणि चालू लागले. आपला वाटा, मोबदला, काहीही न घेता. ही त्यांची एक सवयच होती आणि तिची किंमत त्यांनी जन्मभर दिली.

इथे १९११ साल उजाडतं. वय ४१. हाताला काम नाही, घरात बायको आणि लहान मुलं. आजवरचा हिशेब मांडला तर काय दिसतं? अर्धा चित्रकार, अर्धा फोटोग्राफर, जादूगार, पडदे रंगवणारा, सरकारी नोकरी सोडलेला, स्वतःच्या छापखान्यातून बाहेर पडलेला. एखाद्या एचआरवाल्याने हा बायोडेटा बाजूला ठेवला असता.

त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास गिरगावात तंबूतल्या पडद्यावर त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. दुसऱ्या वेळी सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. पडद्यावर येशू हलत होता आणि यांच्या मनात राम आणि कृष्ण हलू लागले होते. मग झपाटल्यासारखं सुरू झालं. मिळेल तो चित्रपट पाहायचा, यंत्रं उघडून बघायची, रात्री जागायचं. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. ओळख कुणाची नव्हती. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन संपादक कॅबोर्न यांना भेटले. त्यांनी आधी परावृत्त करून पाहिलं, मग मदत केली आणि सेसिल हेपवर्थ या चित्रपट-निर्मात्याच्या स्टुडिओत काम पाहण्याची सोय करून दिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन आणि कोऱ्या फिल्मची व्यवस्था लावून दोन महिन्यांत फाळके परत आले.

यानंतरची गोष्ट इंजिनिअर म्हणून मला सर्वांत आवडते. चित्रपटासाठी भांडवल हवं होतं आणि हे काय प्रकरण आहे ते सावकाराला कळत नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. महिनाभर हे चाललं. मग ती पट्टी पडद्यावर दाखवली तेव्हा मिनिटाभरात मातीतून अंकुर वर आला, पानं फुटली, वेल चढली. आज आपण याला टाइमलॅप्स म्हणतो आणि फोनवर बोटाने करतो. पैसे मिळाले.

'राजा हरिश्चंद्र' दादरच्या मेन रोडवर तयार झाला. त्या रस्त्याला आता फाळक्यांचंच नाव आहे. तारामतीची भूमिका करायला कुणीही बाई तयार होईना, म्हणून ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदासाचं काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्राने केलं. चित्रपटात काम करतो असं सांगितलं तर कुणाला कळत नसे किंवा कळलं तर आवडत नसे, म्हणून मंडळींना शिकवलं होतं की हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा.

आणि आता मागचा तो विस्कळीत बायोडेटा पुन्हा वाचा. पडदे रंगवणं नेपथ्याला उपयोगी पडलं. जादू ही ट्रिक फोटोग्राफीला. छपाईतली रसायनं फिल्म धुवायला. साचेकाम, वास्तुकला, पुरातत्त्वातली जुनी मंदिरं, पौराणिक तसबिरी, घरातलं संस्कृत, सगळं एका कामात आलं. कोणतीही गोष्ट वाया गेली नव्हती. फक्त ती कशासाठी शिकतोय हे शिकताना त्यांना माहीत नव्हतं. आपल्यातल्या ओशाळणाऱ्यांनी एवढं तरी मनावर घ्यावं.

सरस्वतीबाईंचं काम मात्र कुठल्याच बायोडेट्यात नव्हतं. युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवत. त्या वेळी कोरी फिल्म कडेच्या भोकांशिवाय येई. ती भोकं अंधारात, हाताने, यंत्रावर पाडावी लागत. एका फुटात १६ चित्रं आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट. किती भोकं झाली ते गुणून पाहा. आणि ही तर अंतिम पट्टी, वाया जाणारी वेगळी. दिवसभराचा स्वयंपाक आटोपून रात्री त्या फिल्मला भोकं पाडत आणि ती धुवायला मदत करत. भारतातली पहिली चित्रपट-तंत्रज्ञ स्त्री म्हणून त्यांचं नाव घ्यायला हवं.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला. फाळके ४३ वर्षांचे होते. त्यानंतर ते नाशिकला गेले, कारण तिथे नदी, डोंगर, देवळं सगळं होतं. 'मोहिनी भस्मासुर', 'सावित्री' आले. १९१४मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून काम करण्याविषयी त्यांना विचारणा झाली. ते परतले. महायुद्ध सुरू झालं आणि पैशाची चणचण आली. १९१७चा 'लंकादहन' मात्र असा चालला की तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. त्यात राम आणि सीता, दोघंही साळुंकेच होते.

यश आलं की भांडवल आपण होऊन येतं. १९१८मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. फाळके आता कंपनीतले एक भागीदार झाले. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालिया मर्दन' हे चित्रपट याच काळातले. त्यांत लहानगा कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. पडद्यावर सगळं साजरं होतं, पण कचेरीत कुरबुरी सुरू झाल्या. भागीदारांना खर्चाचा हिशेब आणि ठरल्या वेळी चित्रपट हवा होता. फाळक्यांना प्रत्येक दृश्य मनासारखं होईपर्यंत थांबायचं होतं. यात कुणा एकाला खलनायक करायची गरज नाही. आपण सगळ्यांनी नोकरीत दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसून हे पाहिलंय.

१९१९ साली फाळक्यांनी राजीनामा दिला आणि निवृत्ती जाहीर केली. वय ४९, म्हणजे आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. सारं बिऱ्हाड आवरून ते काशीला निघून गेले. त्या काळी काशीला जाणं याचा अर्थ स्पष्ट होता. संसारातून मन काढलं, आता गंगाकाठी उरलेले दिवस.

ही त्यांची पहिली निवृत्ती. ती टिकली नाही. अच्युतराव कोल्हटकरांच्या 'संदेश'मधून त्यांनी परत यावं म्हणून आवाहनं झाली. त्यांचा नकार ठाम होता. परंतु काशीला जाऊनही हात स्वस्थ नव्हते. तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. विषय काय, तर नाटकधंद्यातले लोक आणि त्यांचे व्यवहार. म्हणजे माणूस गंगेच्या काठी बसला होता, मन मात्र मुंबई-नाशिकच्या भांडणातच होतं. १९२२मध्ये ते नाटक रंगमंचावर आलं. फारसं चाललं नाही. त्यानंतर फाळके नाशिकला परतले आणि ज्या कंपनीला रामराम ठोकला होता तिथेच पुन्हा चित्रपट बनवू लागले. या खेपेला पूर्वीचा मान नव्हता, चित्रपटांना पूर्वीची चमक नव्हती.

मी या तीन वर्षांवर पुष्कळ विचार केला. चरित्रकार ती दोन पानांत संपवतात, कारण त्यांत चित्रपट नाही. मला वाटतं, त्या तीन वर्षांत फाळके निवृत्त झालेच नव्हते. ते रागावून बाहेर पडले होते. पुरातत्त्व खात्यातून, लक्ष्मी आर्टमधून जसे उठले तसेच. फरक इतकाच, की तेव्हा पुढे जायला दुसरं काहीतरी होतं. चाळिशीत उठून गेलेला माणूस लंडनची बोट पकडतो, पन्नाशीत उठून गेलेला काशीची गाडी पकडतो. निघण्याची पद्धत तीच, पोचण्याचं ठिकाण मात्र वेगळं. काम सोडणं आणि थांबणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली त्यांना उत्तम येत होती. दुसरी त्यांना कधीच जमली नाही.

मग काळाने पाऊल टाकलं. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' तेव्हा मूकपट म्हणून तयार होत होता. त्याला नंतर आवाज जोडावा लागला. आम्ही संगणकवाले हे दर चार-पाच वर्षांनी पाहतो. ज्या भाषेत आपण पारंगत झालो ती एका सकाळी जुनी ठरते. आपण निदान रात्री बसून नवी शिकतो. फाळक्यांची आयुष्यभराची कारागिरी डोळ्यांसाठी होती. हावभाव, दृश्यांची जुळणी, चमत्कार, सगळं नि:शब्द. आता गाणं, संवाद, मायक्रोफोन, ध्वनिमुद्रक यांचं राज्य आलं. १९३४मध्ये मालाडला हिमांशू राय आणि देविकाराणी यांची बॉम्बे टॉकीज उभी राहिली, जर्मन तंत्रज्ञ घेऊन, प्रयोगशाळेसह. दादरच्या घरात चादर धरून जो धंदा सुरू झाला होता, तो वीस वर्षांत उपनगरात कारखान्यासारखा चालू लागला. हे घडावं अशीच फाळक्यांची इच्छा होती. फक्त त्यात त्यांना जागा उरली नाही.

एकदा दार उघडलं. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं आणि कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' करायला सांगितलं. हा फाळक्यांचा एकमेव खराखुरा बोलपट. तो १९३७मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. सतराव्या वर्षी नोकरीला लागलेला माणूस साठीला थकतो, आणि हे गृहस्थ सदुसष्टाव्या वर्षी अनोळखी तंत्र वापरून शिवाच्या जटेतून गंगा उतरवत होते. काम वेळेत आणि ठरल्या पैशांत झालं नाही. हेही जुनंच. हा त्यांचा शेवटचा चित्रपट. मूकपटांच्या काळात त्यांनी ९०हून अधिक कथाचित्रपट आणि कितीतरी लघुपट केले होते.

त्यानंतर नाशिक. ही दुसरी निवृत्ती त्यांनी निवडलेली नव्हती, ती त्यांच्याकडे चालत आली. हाताशी साठवलेलं फारसं काही नव्हतं. छापखान्याचा वाटा छापखान्यात राहिला होता, चित्रपट कंपनीचे होते. १९३९मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. ज्याने पहिला चित्रपट केला त्याला स्वतःचं घर नाही हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं. व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने मदत गोळा झाली. आज एका चित्रपटाच्या जाहिरातीवर होणारा खर्च पाहिला की ही मदत किती तुटपुंजी होती ते जाणवतं. तरीही धंद्यातल्या पुढच्या पिढीने केलेली ती आठवण होती, आणि तीही बहुतेकांच्या वाट्याला येत नाही.

इथे खरी निवृत्ती सुरू व्हायला हवी होती. वय ७०, नाशिकसारखं गाव, गोदावरी, नातवंडं. परंतु फाळक्यांच्या डोक्यात अजून एक चित्रपट होता. दुसरं महायुद्ध चालू होतं. कोऱ्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आलं होतं, परवान्याशिवाय चित्रपट काढता येत नव्हता. गोरेगावला १९४३मध्ये फिल्मिस्तान स्टुडिओ सुरू झाला होता, अशोककुमारसारखी नावं धंदा पुढे नेत होती. आणि नाशिकला ७३ वर्षांचे फाळके सरकारकडे परवान्यासाठी अर्ज करत होते. फेब्रुवारी १९४४मध्ये नकाराचं पत्र आलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, ते गेले.

ही गोष्ट सांगताना लोक बहुधा म्हणतात, खरा कलावंत कधी निवृत्त होत नाही. ऐकायला छान वाटतं. मला ते पूर्ण पटत नाही. या वाक्यात सरस्वतीबाई कुठेच नाहीत. पॉलिसी तारण ठेवल्या तेव्हा, दागिने गेले तेव्हा, लोणावळा-दादर-नाशिक-काशी-नाशिक-कोल्हापूर असं बिऱ्हाड हललं तेव्हा, प्रत्येक वेळी ट्रंका त्यांनी भरल्या आणि सोडल्या. फाळक्यांना थांबता आलं नाही, म्हणून त्यांनाही थांबता आलं नाही. त्यांच्या निवृत्तीची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही, कारण ती आलीच नाही. आपण ग्रुपवर थांबायच्या गोष्टी करतो, तेव्हा त्या आकड्यात घरातल्या दुसऱ्या माणसाची किती वर्षं धरली आहेत, हेही एकदा पाहायला हवं.

दुसरी गोष्ट पैशाची. फाळके प्रत्येक ठिकाणाहून ताठ मानेने निघाले, आणि प्रत्येक वेळी आपला वाटा टेबलावर ठेवून निघाले. स्वाभिमान म्हणून हे शोभतं. पण चाळिशीत ठेवून आलेला वाटा सत्तरीत हवा होता. आपल्यातलं कुणी कंपनी सोडत असेल, भागीदारी मोडत असेल, तर जरूर सोडा. कागद मात्र वाचा, सही करण्याआधी हिशेब मागा. मागण्यात कमीपणा नाही.

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे. १९६९मध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान देविकाराणींना मिळाला, मालाडच्या त्याच बॉम्बे टॉकीजच्या. फाळक्यांच्या चित्रपटांच्या मात्र थोड्याच पट्ट्या शिल्लक आहेत. नायट्रेटची फिल्म जपणं अवघड, आणि जपायला हवी हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. उरलेल्या पट्ट्यांत 'कालिया मर्दन'चा बराच भाग आहे. जमलं तर पाहा. मंदाकिनीचा चेहरा पाहण्यासारखा आहे.

मी फाळक्यांचा विचार करते तेव्हा मला पुरस्कार किंवा काशी यांच्याआधी ती कुंडी दिसते. आयुष्यभर एका जागी न टिकलेला हा माणूस एक महिना एका वाटाण्यासमोर बसला होता. ना भांडण, ना भागीदार, ना प्रेक्षक. वेळ झाली की एक चित्र घ्यायचं आणि पुन्हा वाट पाहायची. म्हणजे स्वस्थ बसणं त्यांना येत होतं. समोर काहीतरी वाढत असलं पाहिजे, एवढीच अट होती. काशीला त्यांच्यासमोर तसं काही नव्हतं, होतं ते मागे सोडलेलं.

तेव्हा स्नेहमेळाव्यात भेटलो की कधी थांबणार हे तर आपण एकमेकांना विचारूच. त्याबरोबर हेही विचारू, की कुंडीत काय पेरलंयस? आपल्यापैकी कुणी तबला पुन्हा काढला असेल, कुणी पालिकेच्या शाळेत गणित शिकवायला जात असेल, कुणी खरोखरच गॅलरीत मिरच्या लावल्या असतील. उत्तर छोटं असलं तरी चालेल. पेरायची वेळ अजून गेलेली नाही. फाळक्यांनी तो वाटाणा पेरला तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते.